शेअरची सरासरी खरेदी किंमत: शीट बांधतानाच्या नोंदी

३ मार्च

आमच्या गुंतवणूक गटात प्रत्येकाची आपापली शीट आहे, एक्सेल किंवा गूगल शीट्समधली. शेअर तोच, व्यवहारही तेच, पण सरासरी प्रत्येकाची निराळी. सगळ्यांना चालेल अशी एकच शीट बांधायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं.

आधी चाचणीसाठी चार व्यवहार ठरवून टाकले. पुढे कुठलाही फॉर्म्युला याच चार ओळींवर तपासायचा, म्हणजे आकडे डोक्यात बसतात.

१०० शेअर खरेदी, भाव २५०
५० शेअर खरेदी, भाव ३१०
६० शेअर विक्री, भाव ३४०
४० शेअर खरेदी, भाव २२०

पहिल्या दोन ओळींपुरतं बघायचं तर प्रश्न सोपा आहे. ॲव्हरेज फंक्शन २५० आणि ३१० यांच्या मधला २८० काढून देतं आणि तो आकडा निरुपयोगी आहे, कारण किती शेअर कोणत्या भावाने घेतले याच्याशी त्याला देणंघेणं नाही. खरे पैसे गेले २५,००० अधिक १५,५००, म्हणजे ४०,५००. शेअर १५०. सरासरी २७०. शीटमध्ये हे एका ओळीत होतं:

=समप्रॉडक्ट(संख्या, भाव)/सम(संख्या)

समप्रॉडक्ट जोडीजोडीने गुणतं आणि बेरीज करतं, त्यामुळे मध्ये ‘रक्कम’ असा वेगळा रकानाही लागत नाही. जो कधीच काही विकत नाही त्याचं काम इथेच संपलं. गटात तसं कोणी नाही.

४ मार्च

भांडणाचं मूळ सापडलं: तिसरी ओळ. विक्री आली की सरासरीचं काय करायचं, याची गटात तीन उत्तरं आहेत. चारही व्यवहार धरून तिन्ही काढून पाहिली.

पहिलं उत्तर: विक्रीकडे बघायचंच नाही. सगळ्या खरेद्यांची रक्कम ४९,३००, शेअर १९०, सरासरी २५९.४७. यात अडचण अशी की आता हातात नसलेले ६० शेअरही सरासरीत बसलेले आहेत. शेअर तीनचार वेळा पूर्ण विकून पुन्हा घेतला असेल तर पहिल्या फेरीचे भाव आजच्या सरासरीवर अजून वजन टाकत राहतात.

दुसरं उत्तर: विक्रीतून आलेले पैसे वजा करायचे. ४९,३०० वजा २०,४००, उरले २८,९००, शेअर १३०, सरासरी २२२.३१. हा आकडा खोटा नाही, पण तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. या भावाला उरलेले सगळे शेअर विकले तर आजवरच्या सगळ्या व्यवहारांत ना नफा ना तोटा. खरेदी किंमत मात्र ही नव्हे, कारण विक्रीत झालेला नफा उरलेल्या शेअरच्या किमतीतून कापला गेलाय. नफा मोठा झाला तर ही ‘सरासरी’ शून्याच्याही खाली जाते, आणि मग ‘माझे शेअर फुकटात पडले’ अशी वाक्यं ऐकू येतात.

तिसरं उत्तर: विक्रीच्या क्षणी जी सरासरी होती त्याच सरासरीने शेअर बाहेर काढायचे. ६० गुणिले २७० म्हणजे १६,२०० बाहेर. उरले ९० शेअर आणि २४,३००. सरासरी अजूनही २७०. मग ४० शेअर २२० ने आले, ८,८०० वाढले. एकूण १३० शेअर, ३३,१००, सरासरी २५४.६२. विक्रीतला नफा ६० गुणिले ७०, म्हणजे ४,२०० आणि तो वेगळ्या रकान्यात. पडताळा: दुसऱ्या उत्तरातल्या २८,९०० मध्ये हे ४,२०० मिळवले की ३३,१०० येतात.

शीट तिसऱ्या पद्धतीने बांधतोय. सर्वात जास्त वाद यावर झाला की विकल्यावर सरासरी बदलत कशी नाही. बादलीत निळा आणि पांढरा रंग कालवला आणि त्यातला थोडा ओतून दिला, तर बादलीतल्या रंगाची छटा तीच राहते. विक्रीचा भाव ३४० असो की १००, उरलेल्यांची सरासरी हलत नाही. ती हलते फक्त नव्या खरेदीने.

६ मार्च

आज रचना. गटातल्या जवळजवळ प्रत्येक शीटमध्ये सरासरी हाच मुख्य रकाना आहे आणि पुढचा फॉर्म्युला मागच्या सरासरीवर चालतो. मला ते उलटं करायचंय. सांभाळायच्या गोष्टी दोनच: किती शेअर उरले आणि त्यांच्यात किती पैसे गुंतलेत. सरासरी म्हणजे या दोघांचा भागाकार. ती फक्त दाखवायची, तिच्यावर पुढचं काही उभं करायचं नाही. एक फायदा लगेच दिसतो. २५४.६१५३८… ही सरासरी कोणी २५४.६२ करून पुढे वापरली तर १३० शेअरची किंमत ३३,१००.६० होते. ६० पैशांनी कोणाचं काही बिघडत नाही, पण शंभर ओळींनंतर हिशेब का जुळत नाही हे शोधत बसावं लागतं. दोन दशांश हवेत तर सेलच्या फॉरमॅटमध्ये, राउंड करून नव्हे.

रकाने असे: ए तारीख, बी शेअर, सी प्रकार, डी संख्या (विक्री असेल तर उणे), ई भाव, एफ खर्च. इथपर्यंत माणसाने भरायचं. पुढचे शीट भरणार: जी आधीची संख्या, एच आधी गुंतलेली रक्कम, आय या व्यवहाराने रकमेत झालेला बदल, जे नवी सरासरी, के विक्रीतला नफा.

सगळे शेअर एकाच यादीत ठेवायचेत, प्रत्येकाला वेगळा टॅब नको. त्यामुळे ‘मागची ओळ’ म्हणजे वरची ओळ असं धरता येत नाही. वर भलत्याच शेअरचा व्यवहार असू शकतो. उपाय समइफ्स, म्हणजे अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारं फंक्शन; इथे अट ‘शेअर तोच’. दुसऱ्या ओळीत:

जी२: =समइफ्स(डी$१:डी१, बी$१:बी१, बी२)
एच२: =समइफ्स(आय$१:आय१, बी$१:बी१, बी२)
आय२: =इफ(डी२>०, डी२*ई२+एफ२, इफ(जी२=०, ०, डी२*एच२/जी२))
जे२: =इफ(जी२+डी२=०, "", (एच२+आय२)/(जी२+डी२))
के२: =इफ(डी२<०, -डी२*ई२-एफ२+आय२, ०)

यातली गंमत एच आणि आय यांच्या जोडीत आहे. आय रकाना एच वरून निघतो आणि एच रकाना आय वरून. तरी शीट चक्राकार संदर्भाची तक्रार करत नाही, कारण एच२ मधली रेंज आय१ पर्यंतच जाते, एक ओळ आधीच थांबते. पहिली रेंज शीर्षकाच्या ओळीपासून सुरू केली तीही मुद्दाम: शीर्षक हा मजकूर असतो, बेरजेत तो धरला जात नाही, आणि पहिल्या व्यवहारासाठी वेगळा फॉर्म्युला लिहावा लागत नाही. डॉलरचं चिन्ह फक्त वरच्या टोकाला. फॉर्म्युला खाली ओढला की वरचं टोक खिळलेलं राहतं, खालचं सरकतं.

चार चाचणी ओळींवर चालवलं. शेवटी जे रकान्यात २५४.६२, के मध्ये ४,२००.

एक्सेलमधलं ‘टेबल’ वापरायचा मोह होता, पण अशा वाढत जाणाऱ्या रेंजचं आणि टेबलचं जमत नाही. खाली नवी ओळ टाकली की आधीच्या ओळीतल्या रेंजचं खालचं टोक कधीकधी आपोआप लांबतं आणि आकडे बिनबोभाट बदलतात. साधी रेंजच बरी.

७ मार्च

ओळी तारखेच्याच क्रमाने हव्यात. एकाच दिवशी विक्री आणि खरेदी असेल तर कोणती आधी झाली यावर सरासरी ठरते; तारखेच्या रकान्यात वेळही टाकायला सांगितलं. शिवाय जी आणि डी यांची बेरीज शून्याखाली गेली की ओळ लाल होईल असं कंडिशनल फॉरमॅटिंग लावलं. हातात नसलेले शेअर विकले जाताहेत याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच की एखादी खरेदी यादीत टाकायची राहिली. मुद्दाम तसं विकणं, म्हणजे शॉर्ट सेलिंग, या शीटच्या कक्षेबाहेर.

१० मार्च

खर्च. ब्रोकरेज, कर, शुल्क, जे काही खरेदीच्या वेळी द्यावं लागतं ते खरेदी किमतीत मिळवायचं. विक्रीच्या वेळचा खर्च मात्र विक्रीतून आलेल्या पैशांतून वजा. तो उरलेल्या शेअरच्या अंगावर टाकायचा नाही. आय आणि के चे फॉर्म्युले आधीच तसे आहेत.

दर ऑर्डरला ठरावीक शुल्क असेल तर छोट्या खरेदीला ते फार झोंबतं. २० चं शुल्क १०० शेअरवर पसरलं तर प्रति शेअर २० पैसे. तेच ५ शेअरच्या ऑर्डरला प्रति शेअर ४ होतात: २५० चा शेअर २५४ ला पडला. दर महिन्याला थोडेथोडे घेणाऱ्यांनी हा रकाना रिकामा सोडू नये.

लाभांशाची विचारणा झाली. रोख लाभांश सरासरीला हात लावत नाही, ते उत्पन्न. तोच लाभांश परत त्याच शेअरमध्ये गुंतवला तर ती सरळ खरेदी: त्या दिवशीचा भाव, मिळालेली संख्या, अपूर्णांकासकट.

११ मार्च

ज्या दिवशी दोन आकडे सांभाळायचं ठरवलं त्याचं चीज आज झालं.

विभाजन घ्या. एकाचे दोन झाले: १३० चे २६० शेअर, पैसे तेवढेच ३३,१००, सरासरी १२७.३१. समप्रॉडक्टवाल्या शीटमध्ये यासाठी मागच्या प्रत्येक ओळीत जाऊन संख्या दुप्पट आणि भाव निम्मा करावा लागतो, म्हणजे इतिहासच खोडायचा. आपल्याकडे एक ओळ: संख्या १३०, भाव शून्य. बोनस शेअरही याच वाटेने जातात; किमान सरासरीपुरतं तरी. त्यांच्यावर कर कसा बसतो हा प्रश्न वेगळा आणि देशोदेशी त्याचं उत्तर वेगळं.

उलट विभाजनात, म्हणजे दहाचा एक होतो तेव्हा, संख्या उणे लिहावी लागते. फक्त चिन्हावर चालणारा फॉर्म्युला त्याला विक्री समजून शून्य भावाने जबर तोटा दाखवील. इथे ‘प्रकार’ हा रकाना कामाला आला:

आय२: =इफ(ऑर(सी२="विभाजन", सी२="समायोजन"), एफ२, इफ(डी२>०, डी२*ई२+एफ२, इफ(जी२=०, ०, डी२*एच२/जी२)))

के मध्ये डी२<० ऐवजी सी२="विक्री". सी रकान्याला ड्रॉपडाऊन लावलं: खरेदी, विक्री, विभाजन, समायोजन. हाताने लिहू दिलं तर ‘विक्री’च्या चार तऱ्हा होतील.

‘समायोजन’ हा प्रकार मला विशेष आवडला. संख्या आणि रक्कम एकमेकांपासून सोडवून घेतल्यामुळे एफ मध्ये अधिक-उणे काहीही टाकता येतं. कंपनीने भांडवलाचा काही भाग परत केला तर संख्या शून्य, एफ मध्ये उणे रक्कम, सरासरी तेवढी खाली. कंपनीतून दुसरी कंपनी वेगळी झाली तर दोन ओळी. समजा खरेदी किमतीची विभागणी ८५ आणि १५ टक्के अशी जाहीर झाली आणि दर दहा शेअरमागे नव्या कंपनीचा एक मिळाला. जुन्या शेअरच्या ओळीत उणे ४,९६५, संख्या शून्य. नव्या शेअरच्या ओळीत संख्या २६, रक्कम ४,९६५. जुन्याची सरासरी १०८.२१, नव्याची १९०.९६ आणि दोघांची मिळून गुंतलेली रक्कम अजूनही ३३,१००. एकही पैसा हवेतून आला नाही की हवेत गेला नाही. सगळ्या शीटची हीच कसोटी ठेवली: आय रकान्याची एकूण बेरीज म्हणजे सध्या गुंतलेली रक्कम, नेहमी.

१३ मार्च

अपूर्णांकातले शेअर विकून शिल्लक शून्य झाली की शीट कधीकधी शून्य मानत नाही. ०.१ आणि ०.२ घेतले, ०.३ विकले, उरायला हवं शून्य, उरतो शून्याला चिकटलेला एक कण. संगणक हे आकडे द्विमान पद्धतीत ठेवतो (त्याचं मानक आयईईई ७५४) आणि तिथे ०.१ नेमका मावत नाही. सेलमध्ये ० दिसतं, पण जी२=० ही अट खोटी ठरते, मग कणाला कणाने भागून अचाट सरासरी बाहेर पडते. उपाय:

जी२: =राउंड(समइफ्स(डी$१:डी१, बी$१:बी१, बी२), ६)
एच२: =इफ(जी२=०, ०, समइफ्स(आय$१:आय१, बी$१:बी१, बी२))

जे मधली बेरीजही राउंडमध्ये घातली. संख्येला राउंड चालतं, सहा दशांशांपलीकडे शेअर कोणी देत नाही असं गृहीत धरलंय. रकमेला कुठेही नाही.

१७ मार्च

गटातल्या एकाच्या ब्रोकरच्या ॲपमध्ये याच चार व्यवहारांसारख्या यादीवर सरासरी २६३.८५ दिसते. आपली २५४.६२. त्याला वाटलं शीट चुकली.

दोन्ही बरोबर आहेत. ॲप ‘आधी आलेले आधी गेले’, म्हणजे फिफो, धरून चाललंय. विकलेले ६० शेअर पहिल्या १०० मधलेच समजायचे, २५० वाले. उरले ४० शेअर २५० चे, ५० शेअर ३१० चे, ४० शेअर २२० चे: एकूण ३४,३००, भागिले १३०. नफाही मग ४,२०० ऐवजी ५,४०० दिसतो. फरक दोन्हीकडे १,२००. नफ्यात जेवढे जास्त, तेवढीच उरलेल्यांची किंमत जास्त. सगळे शेअर विकून झाल्यावर दोन्ही पद्धतींचा एकूण नफा एकच येतो. बदलतं ते एवढंच की नफा कोणत्या वर्षात पडला. करासाठी मात्र तेच महत्त्वाचं.

आणि कर खातं आपली आवड विचारत नाही. कॅनडात एकाच प्रकारच्या शेअरना सरासरी किंमतच लावतात. ब्रिटनमध्येही एकत्र साठ्याची सरासरी, पण त्याआधी त्याच दिवशीच्या आणि विक्रीनंतरच्या ३० दिवसांतल्या खरेदीशी जुळवणी करावी लागते. अमेरिकेत नेमके कोणते शेअर विकले हे सांगितलं नसेल तर फिफो. म्युच्युअल फंडांना सरासरीची मुभा. भारतात डीमॅट खात्यातल्या शेअरना फिफो. म्हणून शीटच्या माथ्यावर ठळक लिहिलं: ‘ही सरासरी निर्णयासाठी, करासाठी नव्हे.’

फिफोची सरासरी पडताळण्यापुरता एक टॅब जोडला. ढीग रचण्याची गरज नाही. प्रत्येक खरेदीतले किती उरले ते असं निघतं:

=मॅक्स(०, मिन(या खरेदीची संख्या, इथपर्यंतची एकूण खरेदी-आजवरची एकूण विक्री))

पहिल्या खरेदीला १००-६० म्हणजे ४०, दुसरीला १५०-६० म्हणजे ९० पण खरेदीच ५० ची म्हणून ५०, तिसरीला ४०. बेरीज १३०. मधे विभाजन आलं तर मात्र हा फॉर्म्युला एकटा पुरत नाही, जुन्या खरेद्यांची संख्या आधी गुणून घ्यावी लागते.

१९ मार्च

मागणी आली: ‘ॲव्हरेज किती खाली येईल ते सांगणारा सेल दे.’ भाव पडला की सगळ्यांना हेच हवं असतं.

गणित लहान आहे. गुंतलेली रक्कम र, संख्या स, आजचा भाव भ, हवी असलेली सरासरी ह. घ्यायचे शेअर:

=(र-ह*स)/(ह-भ)

विभाजनाआधीचे आपले आकडे टाकू: ३३,१००, १३०, भाव २२०. सरासरी २४० करायची तर १,९०० भागिले २०, म्हणजे ९५ शेअर. २३० करायची तर ३२०. २२५ करायची तर ७७०, म्हणजे आणखी १,६९,४०० घाला, जिथे आजवर ३३,१०० गुंतलेत. २२० कधीच येणार नाही, छेद शून्य होतो. आजच्या भावाच्या जवळ जावं तसा हा आकडा अक्राळविक्राळ होत जातो, म्हणून एक सेल न देता शेजारी शेजारी पाच लक्ष्यांची ओळ दिली आणि प्रत्येकाखाली लागणारी रक्कम. नुसते शेअर दाखवले तर ७७० हा आकडा निरुपद्रवी दिसतो.

माझं मत मागितलं नव्हतं, तरी टॅबवर लिहिलं: सरासरी खाली आणल्याने तोटा कमी होत नाही. भाव २२० असताना प्रति शेअर ३४.६२ चा तोटा १३० शेअरवर असो की (आणखी ३२० घेऊन) १० चा ४५० शेअरवर, एकूण तोटा दोन्हीकडे ४,५००. बदलते फक्त परत वर यायला लागणारी चढण, आणि पणाला लागलेली रक्कम.

२१ मार्च

फॉर्म्युल्यांच्या रकान्यांना प्रोटेक्शन लावून शीट गटाला दिली. आजचा भाव आपोआप यावा म्हणून गूगल शीट्सवाल्यांसाठी गूगलफायनान्स फंक्शनचा रकाना सारांशाच्या टॅबवर ठेवला. व्यवहारांच्या टॅबवर बाजारभाव येऊ द्यायचा नाही, सरासरीला तो लागत नाही.

परकीय चलनातल्या शेअरचं काम बाकी आहे. दर खरेदीला त्या दिवशीचा विनिमय दर लावून रक्कम आपल्या चलनात आणायची, म्हणजे ई च्या शेजारी दराचा एक रकाना आणि आय मध्ये एक गुणाकार. एका सदस्याने आजच्या दराने सगळ्या जुन्या खरेद्या बदलून मागितल्या. तसं केलं तर खरेदी किंमत रोज हलेल. नाही म्हणून कळवलं. दराचा रकाना पुढच्या आवृत्तीत.